सुभेदारांच्या डायरीतला गुळाचा भात

पत्रक मी लिहिलं, छपाईचे खिळे मी जुळवले आणि कळव्यात घरोघर मीच वाटलं. त्यामुळे या प्रकरणात दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही. सरकारी कचेरीवर, गावावर आणि गोऱ्या साहेबावर माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. पण हिशेब माझ्यापासूनच सुरू करायला हवा.

स्वातंत्र्य येऊन तीन पावसाळे झाले होते. मी कोपरीत राहायचो आणि ठाणे स्टेशनाजवळच्या एका छापखान्यात जुळारी होतो. आमचं पाचसहा जणांचं मंडळ होतं. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, एवढाच आमचा कार्यक्रम. अन्याय रोज दिसायचा. मालक कागद फुकट द्यायचे, पण कुरकुरायचे. "अरे, इतकी उद्गारचिन्हं कशाला? माझ्याकडे आठच आहेत." माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक तेराव्याच्या जेवणांविरुद्ध होतं. मेलेल्याच्या नावाने जिवंतांनी पोट भरायचं, असं त्यात लिहिलेलं, आणि या वाक्याचा मला फार अभिमान होता.

एका दुपारी छापखान्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. खाडीपलीकडची, कळव्याची. मिठागरावर पाट्या वाहायची. पाय मिठाने उकललेले, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने मेणकापडात गुंडाळलेलं एक पत्र पुढे केलं. पत्र इंग्रजीत होतं. मी वाचलं आणि पत्राची घडी घातली.

"बोल ना भाऊ. काय लिवलंय?"

"तुमचा नवरा ब्रह्मदेशात पलटणीतून पळून गेला, असं लिहिलंय. फरारी."

"ते मना ठाव हाय. सात वर्सं गाव तेच बोलतो. ते खोटं हाय, असं उलट कसं लिवायचं ते सांग."

मी म्हटलं, पेन्शनचा अर्ज करू या. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला शिवी दिली. "मी पाट्या उचलते. मना पैसं नको. तो शब्द काढ."

त्या एका शब्दाने काय केलं होतं ते मी नंतर कळव्यात पाहिलं. हळदीला तिला सवाष्णींत बसवत नव्हते, कारण नवऱ्याचा पत्ता नाही. विधवांत धरत नव्हते, कारण तो मेल्याचा कागद नाही. दीर म्हणायचा, तो कुठेतरी दुसरं घर करून बसलाय आणि ही इथे त्याच्या नावाचं कुंकू मिरवते. आगरावर टोपली डोक्यावर चढवायला दोन माणसं लागतात. बायका हात द्यायच्या, नाही असं नाही. पण हाक मारायच्या ती 'ए पळपुट्याची' म्हणून. सात वर्षं. गावात मी तिला वहिनी म्हणायला लागलो तर लोक हसले.

तो शब्द काढावा म्हणून आम्ही अर्ज केला. कचेरीचं उत्तर आलं की त्या वेळच्या वरिष्ठाचं निवेदन जोडा. कप्तान गोरा होता, तो विलायतेला गेला. पण त्याच्या हाताखाली त्या तुकडीची कमान ज्यांच्याकडे होती ते सुभेदार निवृत्त होऊन डोंबिवलीत राहतात, असा शोध मी लावला. मूळचे कोकणातले. दोन खोल्या, दारात तुळस आणि कण्हेर, आणि ओठावर अशा मिशा की बोलताना त्यांच्याकडेच बघत राहावं.

मी नाव सांगितलं, शिपायाचं नाव सांगितलं. ते उठले. मग आत जाऊन एक जाडजूड वही घेऊन आले. कापडी पुठ्ठ्याची, पाणी लागून फुगलेली.

"लढाईच्या सगळ्या दिवसांची आहे. एक दिवस चुकलेला नाही. मोडीत आहे. येते का?"

मोडी मला येत नव्हती. शाळेत आम्ही ती टाळलेली.

"मग मी वाचतो, तू लिहून घे. पण सगळं वाचणार. अधूनमधून नाही."

अशा रीतीने माझे रविवार सुरू झाले. प्रत्येक दिवसाचे तीन रकाने होते. हवा, जेवण, घडलेलं. क्रम कधी बदलायचा नाही. हवा: सकाळी धुकं, नंतर ऊन, जमीन ओली. जेवण: रोटी, मसुरीची डाळ, कांदा संपला; चौतीस पानं, म्हणजे तितके जेवणारे. घडलेलं: पूर्वेच्या टेकडीवर गस्त, काही दिसलं नाही. मग पुढचा दिवस. हवा. जेवण. माणसं मरत होती, तोफा चालू होत्या, आणि सुभेदार मला सांगत होते की आज डाळीला मीठ नव्हतं. हे ते इतकं सावकाश वाचायचे, की मला वाटायचं म्हाताऱ्याला नुसता श्रोता हवाय.

तिसऱ्या रविवारी मी वैतागलो. "सुभेदार, तुम्ही लढाईला गेला होता की पंगतीला?"

ते हसले नाहीत. "जेवला तो जिवंत. तेवढं तरी लिहून ठेवायचं."

"मला घडलेलं हवंय. फक्त तिसरा रकाना वाचा."

"तुझी मर्जी, पुढारी."

त्या दिवसापासून ते मला पुढारी म्हणायला लागले. आणि तिसराच रकाना वाचायला लागले. पण पहिल्या दोन रकान्यांवरून त्यांचं बोट फिरायचं आणि ओठ हलायचे. मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचो.

मग ती तारीख आली. कचेरीच्या पत्रात होती तीच. बोट हवेवर थांबलं, जेवणावर थांबलं. त्यांनी वर बघितलं.

"वाचू?"

"घडलेलं वाचा."

त्यांनी वाचलं. शिपाई अमुक अमुक संध्याकाळच्या हजेरीला नाही. साहेबांच्या हुकमाने फरारी लिहिला. रिपोटावर माझी सही.

माझं डोकंच फिरलं. ज्याच्याकडे न्याय मागायला आलो, त्याच्याच हातचं ते होतं! मी म्हटलं, "तुम्ही लिहिलंत? तुमच्या माणसाला? तो पळाला होता का?"

"नाही."

"मग सही का केलीत?"

 सुभेदारांनी पान उलटलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पुढचे तेरा दिवस तरी ऐकून जा."

"मला तुमच्या डाळभातात रस नाही," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

तेरा. त्यांनी तेरा म्हटलं होतं, दहा नाही, पंधरा नाही. आणि तेराव्यावर पत्रक काढलेल्या माणसाला ते ऐकू आलं नाही.

त्याच आठवड्यात मी पत्रक जुळवलं. 'गोऱ्याच्या सुभेदाराची डायरी काय बोलते?' असा मथळा. मालकांची आठही उद्गारचिन्हं वापरली. साहेबाच्या बुटाखाली मान घालणारे आपलेच लोक, गरिबाच्या नावाला फासलेलं काळं, सगळं होतं त्यात. आणि मधोमध, ठळक खिळ्यांत, डायरीतली ती ओळ. फरारी लिहिला. मला दाखवायचं होतं की हे हुकमावरून लिहिलेलं खोटं आहे. ते मी खाली बारीक टायपात समजावलेलंही होतं. दोनशे प्रती काढल्या. निम्म्या डोंबिवलीत वाटल्या, निम्म्या पूल ओलांडून कळव्यात.

दोन दिवसांनी वहिनी छापखान्यात आली. हातात पत्रक. तिला वाचता येत नव्हतं, पण ठळक ओळीवर तिचं बोट बरोबर होतं. कुणीतरी दाखवलेलं.

"ह्ये काय लिवलंस?"

मी समजावायला लागलो. तिने ऐकून घेतलं नाही.

"आदी गाव तोंडानं बोलत होता. आता छापून आलंय. दीर पारावर उभं राहून वाचून दाखवतो. बोलतो, बग, तिच्याच माणसानं छापलंय, त्याच्याच सुभेदाराचं हाय." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू खालचं बारीक कुनासाठी लिवलंस रे? कोन वाचतो बारीक?"

मशीन चालू होतं. मालकांनी ते बंद केलं, आणि त्या शांततेत मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मी म्हटलं, दुसरं पत्रक काढतो. ती म्हणाली, "आता तू कायबी काढू नको. मना त्याच्याकडं ने."

सुभेदारांच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा ते कण्हेरीला पाणी घालत होते. तांब्या तसाच हातात राहिला. माझं पत्रक त्यांनी वाचलेलं होतं, कारण पायरीशी चपलेखाली तेच अंथरलेलं होतं.

"या पुढाऱ्याला माझ्या घरात घेणार नाही," ते म्हणाले. "ही कोण?"

मी सांगितलं. तांब्या खाली ठेवून त्यांनी हात जोडले. ती पायरीवरच बसली. मला वाटलं आता ती विचारेल, सही का केली, खोटं का लिहिलं. माझ्या डोक्यात तेच प्रश्न होते. तिने वेगळंच विचारलं.

"त्या दिशी तो जेवलेला का?"

सुभेदारांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सात वर्षं ज्या दाराला आतून पाठ लावून उभे होते, त्या दाराची कडी कुणी बाहेरून काढावी तसा. ते आत गेले, वही आणली, तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि वाचायला लागले. या वेळी पहिल्यापासून.

हवा: तिसरा दिवस पाऊस. नाल्याला छातीवर पाणी, दोर सैल. जेवण: दुपारी खिचडी, एकतीस पानं. रात्री रोटी, तीस पानं. एक ताट झाकून ठेवलं.

"दुपारी खिचडी खाल्ली त्याने," सुभेदार म्हणाले. "जास्त मागून घेतली. स्वयंपाकाचा लांगरी ओरडला त्याच्यावर."

ती हसली. खरंच हसली. "तो तसाच व्हता. घरीबी मी ओरडायची."

दुसऱ्या दिवशी. हवा: पाऊस. दोर तुटलेला सापडला. जेवण: रोटी. झाकलेलं ताट तसंच. नवीन वाढलं, झाकून ठेवलं.

"पळालेल्याचं ताट कोणी झाकत नाही," सुभेदार म्हणाले. "त्याचं रेशन त्याच दिवशी कापतात."

मी पायरीखाली उभा होतो. ते वाचत गेले आणि मी बोटांवर मोजत गेलो. दहाव्या दिवशी. हवा: उघडीप. जेवण: भात. एक मूद दगडावर ठेवली. दुपारपर्यंत कावळा आला नाही. मग आला. तेराव्या दिवशी. जेवण: गुळाचा भात. सगळ्यांना ओळीत बसवून वाढला.

गोऱ्या साहेबाच्या नाकावर टिच्चून एका अख्ख्या तुकडीने त्या शिपायाचं दहावं-तेरावं घातलं होतं. आणि ते जेवणाच्या रकान्यात लिहून ठेवलं होतं, उघडं, कुणीही वाचावं असं.

वहिनीने वहीवरच्या त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "कावळा कशावर अडलेला?"

सुभेदारांनी वही मिटली.

त्यांनी सांगितलं ते असं. कप्तानाची पत्र्याची पेटी नाल्यापलीकडे राहिली होती. त्यात काय होतं ते तुम्ही ओळखा, लढाईचं काही नव्हतं. त्याने शिपायाला दोर धरून पाठवलं. पाणी वाढतंय, हे सुभेदारांनी सांगितलेलं. शिपाई वाहून गेला. वर चौकशी झाली असती, म्हणून साहेबाने फरारी लिहायला लावलं. दर शनिवारी कारकून डायरीचा इंग्रजी तर्जुमा साहेबाला वाचून दाखवायचा. "साहेब पण तुझ्यासारखाच, पुढारी. हवा-जेवण आलं की हात हलवायचा, पुढे म्हणायचा. पहिले दोन रकाने माझे राहिले. तिसरा त्याचा."

 

"कावळा शिवेना," ते तिला म्हणाले. "सगळी पोरं उपाशी उभी. मी मनात म्हटलं, खरं काय झालं ते मी तुझ्या घरी कळवीन. मग शिवला." पुढे म्हणाले, "तीनदा पत्र लिहिलं. टपालात टाकलं नाही. कागदावर सही माझी होती, बाई."

मी कावळ्यांवर विश्वास ठेवत नाही. आजही नाही. पण त्या माणसाने मेलेल्याला शब्द दिला आणि सात वर्षं मोडला, हे सांगायला मला कावळा लागत नाही. मला त्याचा संताप यायला हवा होता. पायरीखाली उभं राहून मला फक्त माझे दोनशे कागद दिसत होते.

ती उठली.  म्हणाली, "आता लिवून द्या."

त्यांनी लिहून दिलं. स्वच्छ बाळबोध अक्षरात, पहिली सही दबावाखाली केली असं स्पष्ट म्हणून. डायरीच्या चौदा दिवसांची नक्कल जोडली, तिन्ही रकाने. मी स्वतः कचेरीत नेऊन दिली.

उत्तर यायला पावसाळा गेला. जेवणाच्या नोंदी मृत्यूचा पुरावा धरता येत नाहीत. एकाच माणसाची दोन परस्परविरोधी निवेदनं असल्याने नंतरचं ग्राह्य नाही. शिवाय सदर डायरीतही 'फरारी' अशीच नोंद असल्याचं छापील पत्रकावरून दिसतं. सोबत पत्रकाची प्रत. माझी. त्या ठळक ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ ओढलेली. कुणी पाठवली विचारू नका, कळव्यात शंभर प्रती होत्या.

मी ते तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या कुणी वाचणं बरोबर नव्हतं.

ती म्हणाली, "सरकारचं राहू दे. गावाचं बघू." तिला नवऱ्याचे दिवस घालायचे होते. गाव तेराव्याला जेवायला आलं म्हणजे तो मेला हे गावाने मान्य केलं. मग ती पळपुट्याची नाही. कागदाची गरज नाही. "पत्रक तू वाटलंस ना? आता बोलावणंबी तूच कर. त्याच घरांना."

मी गेलो. ज्या ज्या दारात मी पत्रक दिलं होतं, त्या त्या दारात तेराव्याचं आमंत्रण द्यायला. एका ओटीवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय रे, तूच ना तो, तेरावं घालू नका लिवनारा?" मी हो म्हटलं. "मग आता कसं?" मी म्हटलं, या जेवायला. लोक हसले. येतो म्हणाले बरेच जण.

दिवस करायचे कुणी, हा प्रश्न होता. दीर दारात आला नाही. सुभेदार डोंबिवलीहून आले, खाडीच्या काठी न्हाव्यापुढे बसले आणि म्हणाले, "डोकं कर. मिशा पण." न्हावी थांबला. "मिशा पण म्हटलं ना!" मिशा उतरल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं, कुणा भलत्याच माणसाचं असावं तसं. बघवेना. वहिनीने त्या दिवशी कुंकू पुसलं. बांगड्या फोडायला कुणी बाई पुढे आली नाही, तिने स्वतःच दगडावर फोडल्या.

तेराव्याला चाळीस पत्रावळी टाचून ठेवल्या होत्या. मोठ्या हंड्यात गुळाचा भात. मी दारात उभा राहून वाटेकडे बघत होतो. आगरावरच्या पाच बायका आल्या. दोन म्हातारे आले. आमच्या मंडळाचे दोघे, सुभेदार आणि मी. बाकीचं गाव आपापल्या ओटीवर बसलेलं मला दिसत होतं. दीर पारावर होता. तो उठला नाही, म्हणून कोणीच उठलं नाही.

"थांबा अजून," वहिनी म्हणाली. "उन्हं उतरली का येतील."

उन्हं उतरली. दुधावर साय धरावी तसा भातावर गूळ घट्ट झाला. शेवटी तिने आम्हाला वाढलं. मी आयुष्यात पहिल्यांदा तेराव्याचं जेवलो. एक पत्रावळ संपली, तिने पुन्हा वाढलं. मी पुन्हा खाल्लं. हंडा हललासुद्धा नाही.

जेवण झाल्यावर सुभेदारांनी पिशवीतून वही काढली. लढाई संपल्यावर त्यांनी लिहिणं सोडलेलं. शेवटची काही पानं कोरी होती. भिंतीला टेकून ते लिहायला लागले. मला मोडी अजून येत नव्हती, पण ते लिहिता लिहिता पुटपुटत होते. हवा: कोरडी, खाडीवरून वारा. जेवण: गुळाचा भात.

वहिनी त्यांच्यासमोर बसली होती, रिकामे हात मांडीवर. "किती पानं लिवताय?"

"अकरा."

"चाळीस लिहा," मी म्हटलं. "कोण बघतंय? चाळीस लिहा, सुभेदार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मिशा नसलेला तो चेहरा. मग तिच्याकडे. 

"या रकान्यात मी कधी खोटं लिहिलेलं नाही," ते म्हणाले, आणि अकरा लिहिलं.